सावली रेषेवर येईपर्यंत

"माझ्या सूर्यावर उपरणं कोणी वाळत घातलंय?"

निधी परबचा हा आवाज सातवीच्या वर्गात रोज चालायचा, पण देवळाच्या अंगणात तो जरा जास्तच झाला. सभामंडपात जप करत बसलेल्या दोन आजींनी माळ थांबवून बाहेर डोकावलं. निधीच्या मागे उभी असलेली तीस पोरं मात्र श्वास रोखून खाली बघत होती.

अंधेरीतल्या त्यांच्या शाळेच्या मैदानात दुरुस्तीच्या बांबूंची परांची लागली होती. म्हणून विज्ञानाच्या या बाईंनी शेजारच्या राममंदिराचं अंगण मागून घेतलं. सगळं अंगण जवळच्या गिल्बर्ट हिल टेकडीसारख्याच काळ्या दगडाचं. त्यात मधोमध एक काठी सरळ उभी केलेली. मुलं दर थोड्या वेळाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. आणि आज त्याच काठीवर कुणीतरी ओलं उपरणं पसरलं होतं. त्यातून थेंब गळत होते... टप... टप... आणि आठवडाभराच्या खुणा पाण्यात विरघळून चालल्या होत्या.

"सॉरी सॉरी सॉरी—" म्हणत एक तरुण देवळाच्या पायरीवरून धावत आला. अनवाणी. काळ्या दगडावर पहिलं पाऊल पडलं आणि "आई गं!" करत त्याने उडी मारली, मग दुसरी, मग तिसरी. काठीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा चांगला नाच झाला होता.

"हे तुमचं?" निधीने हसू दाबत विचारलं.

"उपरणं माझं. चहा सांडला म्हणून धुतलं. काठी... मला वाटलं देवळाची आहे."

"काठी विज्ञानाची आहे."

"विज्ञानाला असं भर उन्हात उभं करतात, हे आमच्या वेळी नव्हतं हो, मॅडम."

पोरं फिसकन हसली. निधीने मागे वळून पाहिलं, तशी गप्प झाली.

"तुम्ही काय पुसलंत माहितेय? आठवडाभराचं ऊन!"

त्याने खाली पाहिलं. पांढरे ओघळ, त्यात उरलेले दोन-चार ठिपके. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूच उतरली. "मग... मी काय करू? सांगाल ते."

"उद्या अकराला या. पोरांबरोबर खुणा करायला बसा."

"उन्हात?"

"सावली उन्हातच पडते," निधी म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर का कोण जाणे, जराशी लाजली.

तो आला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला.

त्याचं नाव सौरभ. चंद्रप्रकाशबुवांचा मुलगा. बुवा म्हणजे या देवळातलं रामनवमीचं कीर्तन, आणि रामनवमीचं कीर्तन म्हणजे बुवा, असं समीकरणच होतं. पण दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उभं राहणं गेलं. म्हणून यंदा नारदाच्या गादीवर पहिल्यांदाच सौरभ उभा राहणार होता. एरवी तो मालाडच्या एका स्टुडिओत मालिकांचं एडिटिंग करायचा.

"दिवसभर लोकांची वाक्यं कापतो," तो निधीला म्हणाला. "सासूचं रडणं लांबलं की कात्री. सुनेचं रडणं लांबलं की कात्री."

"आणि कीर्तन लांबलं तर?"

"तर रत्नप्रभामावशी माझ्यावर कात्री चालवतील."

रत्नप्रभामावशी देवळाचा सगळा कारभार बघायच्या. मनाने लोणी, पण बोलणं सुपारीच्या अडकित्त्यासारखं. त्यांनी सौरभला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "बाळ, तुझ्या बाबांची सर तुला येणार नाही, ते जाऊ दे. पण रंगलं पाहिजे. माणसं मधेच उठून गेली, तर पुढच्या वर्षी स्पीकरवर बुवांचं जुनं रेकॉर्डिंग लावायचं, असं कमिटीत ठरलंय."

हे सांगताना सौरभ हसला होता. पण त्याची बोटं हातातला खडू उगाचच कुस्करत होती, ते निधीने पाहिलं.

पोरांना तर तो भलताच आवडला. पांढऱ्या संगमरवरी पायरीवर एक पाय आणि काळ्या दगडावर दुसरा ठेवून कुठला पाय आधी उचलतो, हा प्रयोग त्याच्यावर करण्यात आला. काळा रंग उन्हातली उष्णता पोटात घेतो, पांढरा परत पाठवतो, हे सातवीला पुस्तकापेक्षा त्याच्या उड्यांवरून लवकर कळलं.

एक गोष्ट मात्र पोरांच्या आधी कळली ती निधीला. ती खुणा करायला वाकली की सौरभ बरोबर तिच्या सूर्याच्या बाजूला येऊन उभा राहायचा... तिच्यावर सावली पडावी म्हणून. आता चैत्रातल्या दुपारी माणसाची सावली असते केवढी? दोन वितींची! त्यात तिचा खडू धरलेला हात तेवढा मावायचा. तरी हा वेडा दोन्ही पाय आळीपाळीने उचलत तिथेच उभा.

"बाजूला हो ना," ती म्हणायची. तुम्हीचा तू कधी झाला, ते दोघांनाही कळलं नव्हतं. "चटके बसतायत तुला."

"कुठे? मस्त गार आहे."

"खोटारडा."

"मॅडम, शिव्या पोरांसमोर नको हं."

एकदा मोबाइलमध्ये बघून तो ऐटीत म्हणाला, "चला, बारा वाजले. सूर्य डोक्यावर. सुट्टी!"

सगळा वर्ग खिदळला. मानसी नावाची चुणचुणीत पोरगी पुढे झाली. "काका, बारा घड्याळात वाजले. सावली बघा, अजून लहानच होतेय."

"काका?" तो हळहळला. निधीने तोंडावर ओढणी धरली.

मग तिने त्याला समजावलं. आपल्या सगळ्यांच्या घड्याळातली वेळ ही तिकडे पूर्वेकडच्या, मिर्झापूरजवळच्या एका रेषेवरची. तिथे सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा तो मुंबईला अजून यायचा असतो. आपला खरा मध्यान्ह त्यानंतर अर्ध्या तासाहूनही उशिरा. "आपल्या मनगटावर मुंबईची वेळच नसते, सौरभ. ती फक्त इथे असते, या दगडावर."

 तो वाकून सावलीकडे बघू लागला.

"म्हणजे आम्ही दर वर्षी बाराच्या ठोक्याला पाळणा हलवतो... आणि सूर्य अजून यायचाच असतो? अगं, रामजन्म मध्यान्हाचा! बिचारी कौसल्यामाई. इतकी घाई आम्ही तिला दर वर्षी करतोय?"

सगळे हसले. तो मात्र हसला नाही.

त्या संध्याकाळी त्याने वडिलांना विचारलं. बुवा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "पंचांगात मध्यान्ह लिहिलेला असतोच रे. पण आमच्या वेळी माणसं गिरणीची. त्यांना बाराचा भोंगा ठाऊक. भोंगा झाला की जन्म. तीच सवय इथे अंधेरीला आली." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्यात तेवढा वेळ सभा धरून ठेवायची ताकद असेल, तर सूर्यासाठी थांब. नसेल, तर भोंग्याला राम आण. राम काही रागावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सौरभने निधीला सांगितलं, "मी थांबणार. तू अंगणात बस. सावली तुमच्या उत्तर-दक्षिण रेषेवर आली, म्हणजे खरा मध्यान्ह झाला, की हात वर कर. मला गादीवरून दार दिसतं."

 "वेडा आहेस का? मी पोरांना धडा शिकवत होते रे. तुझी गादी पणाला लावायला नाही सांगितलं! माणसं उठून गेली तर?"

"तर जातील." मग हळूच, "पण तू बसशील ना?"

निधीने खडू उचलला आणि रेष पुन्हा ठळक केली. आणि रात्रभर तिने रामरायाला एकच विनवलं — उद्या ढग नको.

रामनवमीला ढग नव्हते. मंडप खच्चून भरला होता. नारळाला कुंची घालून पाळण्यात ठेवलेला, बायकांच्या परातीत फुलं आणि गुलाल. सौरभ डोक्याला फेटा बांधून उभा राहिला, हातात चिपळ्या. मागे खुर्चीत बुवा बसले होते, चालत्या हातात एक झांज. दुसरी झांज त्यांनी मांडीवर उताणी ठेवली होती आणि तिच्यावरच ताल धरला होता.

बाहेर दगडावर निधी आणि तिची पोरं. पोरांनी आखलेली उत्तर-दक्षिण रेषा, आणि तिच्याकडे मुंगीच्या पावलाने सरकणारी सावली.

पूर्वरंग छान झाला. हार-बुक्का झाला. आख्यान सुरू झालं, दशरथाचा यज्ञ झाला, पायसदान झालं... आणि बारा वाजले.

माणसांनी मनगटं पाहिली. परातींमधली फुलं उचलली गेली. सौरभने आणखी एक पद धरलं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी चपला शोधायला उठलं. त्याच्यामागे आणखी दोघं. निधीने दारातून पाहिलं. सौरभच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता. त्याने एकदा दाराकडे नजर टाकली. तिने मान हलवली... अजून नाही रे.

रत्नप्रभामावशी पदर खोचून पाळण्याच्या दोरीकडे निघाल्या.

निधीने काही विचार केला नाही. आत धावली आणि मावशींचा हात धरला. "मावशी, एक मिनिट बाहेर या. माझ्यासाठी."

"अगं, जन्म व्हायचाय!"

"तोच दाखवते."

आत सौरभने पद सोडलं आणि तो बोलू लागला. "मंडळी, चपला घालताय, घाला! बाहेरचा दगड बघा कसा तापलाय. हा दगड एके काळी विस्तव होता. पृथ्वीच्या पोटातून वाहत आला, इथे निजला, निवता निवता काळा झाला. कोट्यवधी वर्षं झाली, पण उन्हाची ओळख विसरला नाही. सूर्य दिसला की अजून तापतो! एवढा दगड ज्याची वाट बघतो, त्या सूर्याच्या कुळात आज राम यायचाय. आणि आपल्याला अर्धा तास थांबवेना?"

मंडप हसला. चपला शोधणारे जागच्या जागी बसले. बुवांची झांज जोरात वाजली. सौरभने रामनामाचा गजर उचलला, आणि सगळी सभा त्याच्यामागे टाळ्या वाजवत निघाली.

बाहेर मावशी डोळे बारीक करून वाकल्या होत्या. सावली रेषेपासून बोटभर दूर. मग अर्धं बोट. मग गव्हाच्या दाण्याएवढी.  "अगोबाई... हा तर खरंच यायचाय गं अजून."

"मावशी, हात तुम्ही वर करा," निधी म्हणाली.

"मी?"

"तीस वर्षं पाळणा तुम्हीच हलवताय ना?"

सावली रेषेवर आली. मावशींनी हात वर केला आणि साठीची ती बाई एखाद्या पोरीसारखी ओरडली, "आला! आला रे, सौरभ, आला!"

मग काय सांगावं? गुलाल, फुलं, घंटा, आणि बायकांनी एका सुरात म्हटलेला पाळणा. बुवा खुर्चीत बसल्या बसल्या रडत होते. हातातली झांज काही थांबत नव्हती. मावशी आत येऊन सौरभच्या कपाळाला गुलाल लावत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रेकॉर्डिंगवाल्यांना सांगा, पुढच्या वर्षीही हाच!"

निधी बाहेरच उभी होती. पोरं सुंठवड्यासाठी आत पळाली होती. गर्दीतून वाट काढत सौरभ बाहेर आला, गुलालाने माखलेला, हातात सुंठवड्याचा द्रोण. तिच्यासमोर थांबला. तोंड उघडलं... आणि नुसती हवा आली.

त्याने घसा खाकरला. पुन्हा हवा.

"आवाज गेला?" निधीने घाबरून विचारलं.

त्याने होकाराने मान हलवली. खाली वाकून तिच्या कानाशी कुजबुजला, वाळक्या पानासारखं, "आठ दिवस... घोकून ठेवलं होतं. आज सांगायचं होतं. सगळं दशरथावर खर्च झालं."

निधी हसली. मग हसता हसता थांबली. त्याचे डोळे अगदी हवालदिल झाले होते. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा तिचा आवाज. पण आता तिला तो शोधावा लागला.

"मग मी बोलू?"

त्याने मान डोलावली.

"माझ्या घरी कीर्तनाचं कुणाला काही कळत नाही. आई तर मालिकाच बघते, तू कापलेल्या. तिला मी काल सांगून टाकलंय, की एक मुलगा आहे. गातो, उड्या मारतो, आणि माझ्या हातावर चटके सोसून सावली धरतो." तिने द्रोणातला चिमूटभर सुंठवडा उचलला. "आई म्हणाली, त्याने विचारलं का? मी म्हटलं, विचारेल. तो विचारेपर्यंत मी थांबणार होते... पण आता नाही थांबवत रे. मला तू हवास, सौरभ. आयुष्यभरासाठी. चालेल?"

त्याने जोरात मान डोलावली. डोळे भरलेले.

आतून मावशींची हाक आली, "अगं ए निधी, त्या नव्या बुवाला आत पाठव! लोकं पाया पडायला थांबलीयत!"

"आले, मावशी!" निधी ओरडली, आणि हळूच त्याच्याकडे वळली. "मान डोलावून भागणार नाही हं. तोंडाने सांग."

आणि तासाभरापूर्वी सगळा मंडप ज्याने शब्दांनी धरून ठेवला होता, त्या सौरभने सगळा उरलासुरला आवाज गोळा केला. डोळे मिटले. ओठ तिच्या कानाशी आणले.

"हो," तो म्हणाला.

तो एवढासा 'हो' तिच्याशिवाय कुणालाच ऐकू आला नाही.