बोरगव्हाणचं वाण

निशिकांत देवतळेच्या स्वयंपाकघरात दोन माठ होते आणि दोन्ही माठांवर त्याच्या बायकोचं नाव होतं. 'मृणाल माठ' ही उठावदार अक्षरं कारखान्यातूनच उमटून यायची. सकाळी चहाचं आधण ठेवायला तोटी उघडली, की अंगठ्याखाली नेमका 'मृ' लागायचा. निशिकांतने एकदा माठ उलटा फिरवून पाहिला, तर तोटी भिंतीकडे गेली.

माठाच्या आत भाकरीएवढी पांढरी बुरशीची साय असायची. बोअरचं पाणी तिच्यातून झिरपायचं आणि दात पिवळे करणारं, हाडं वाकवणारं फ्लोराइड वरच ठेवून खाली यायचं. पांढरकवड्याच्या बाजूच्या दीडशे गावांनी टँकरची वाट पाहणं सोडून दिलं होतं.

मूळ संशोधन निशिकांतचं. बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असतं आणि त्यात दारांसारखी वाहक प्रथिनं बसवलेली असतात. एक साखर आत घेतं, दुसरं मीठ बाहेर घालवतं. फ्लोराइडला बाहेर हाकलणारं असंच एक दार असतं. त्याची बिजागरी न्‌ बिजागरी तपासण्यात निशिकांतने अकरा वर्षं घालवली. मृणालने एका पावसाळ्यात तेच दार काढून पेशीच्या आतल्या कोठीला, म्हणजे रिक्तिकेला, बसवलं. फ्लोराइड अंगणात जायच्याऐवजी कोठीत जाऊन कोंडलं गेलं.

"दार निशिकांतचं, मी फक्त जागा बदलली," असं मृणाल प्रत्येक भाषणात सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे. तिच्या नम्रपणाला.

येत्या रविवारी नागपूरला मोठा समारंभ होता. माठ आणखी अकरा जिल्ह्यांत जाणार होता. मंगळवारी निशिकांत कुणाला न सांगता बोरगव्हाणला गेला. गेली अडीच वर्षं तो त्या माठात खोट शोधत होता. या कामाला त्याने मनातल्या मनात 'गुणवत्ता तपासणी' असं नाव दिलं होतं.

पहिल्याच घरी शेवंताबाई राऊतांनी खाट पुढे केली. "या जी सायेब, बसा. तुमी मृणालताईचे मालक न?"

"मी डॉक्टर देवतळे."

"हो, तेच म्हनलं मी. ताईचे मालक."

निशिकांतने माठाचं झाकण उघडलं. आतली बुरशी गादीसारखी टम्म फुगली होती. "ही वाटप केंद्रातून कधी आणली? दर सहा महिन्यांनी नवी आणायची असते."

"कायले आनू? मरत नाही त ते. इरजनावानी हाय, वाटीभर राखली का पुन्हा वाढते. तीन वर्सांची हाय माही, अख्ख्या गावात तगडी. शेजारच्या पारबतीची पाहा, सुकल्या पोळीवानी. जळते माह्यावर!"

निशिकांतने फ्लोराइड तपासायची गुलाबी पट्टी काढली आणि माठातल्या पाण्याचा थेंब तिच्यावर टाकला. पट्टी पिवळी पडली. पाण्यात फ्लोराइड होतं. बोअरच्या पाण्यात होतं तेवढंच. मग तो पार्वतीबाईंकडे गेला. त्यांच्या सुकल्या पोळीखालचं पाणी टाकलं, तर पट्टी गुलाबीच राहिली.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. अकरा वर्षं काही फुकट गेली नव्हती. दाराने कोठीवरच जाऊन बसावं म्हणून मृणालने प्रथिनाला एक शेपटी जोडली होती; पत्त्याची चिठ्ठीच म्हणा. विरजणामागून विरजण लागत गेलं आणि कुठल्याशा पेशीतली चिठ्ठी गळाली. दार आपल्या जुन्या जागी, बाहेरच्या पटलावर, परत गेलं. ती पेशी विष बाहेर टाकून मोकळी झाली आणि फोफावली. इमानाने विष गिळणाऱ्या बाकीच्या तिच्याखाली दबून मेल्या. आता जी बुरशी जितकी गुबगुबीत, तितकी निकामी. आणि विरजण मागायला बाया जायच्या ते गुबगुबीत बुरशीवालीकडेच.

"परवा, गुरुवारी, माह्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू हाय," मागोमाग आलेल्या शेवंताबाई सांगत होत्या. "वाण म्हून यंदा हेच. एकेकीले वाटीभर. सतरा गावच्या बाया येऊन रायल्या!"

निशिकांतने तोंड उघडलं. त्यातून शब्द निघाले ते असे : "वा. छान कल्पना आहे."

परतीच्या वाटेवर तो गाडीत चक्क गुणगुणत होता. शनिवारी सांगायचं, त्याने ठरवलं. समारंभाची साडी इस्त्री होऊन पलंगावर पडलेली असताना. 'मृणाल, एक बारीकशी शंका आहे.' बारीकशी हा शब्द त्याला फार आवडला. गुरुवारी प्रयोगशाळेत त्याचं लक्ष दोनदा कॅलेंडरकडे गेलं. दोन्ही वेळा त्याने स्वतःला समजावलं, की पुरेशा पुराव्याशिवाय बोलणं हे शास्त्रात बसत नाही.

शनिवारी साडी पलंगावर होती. त्याने शंका सांगितली आणि दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. 'तू जळतोस' असं ती म्हणणार, याची त्याने तयारी केली होती. उत्तरही पाठ होतं.

मृणालने पट्ट्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. "बरोबर आहे तुझं. शेपटी गळणार, हे मलाच सुचायला हवं होतं. बायका बुरशीचं विरजण लावतील हे तर नक्कीच. घरी मी स्वतः तेच करते." ती खुर्चीत बसली. "पट्टीवर तारीख मंगळवारची आहे."

"हो."

"आज शनिवार."

"खात्री करत होतो."

तिने शेवंताबाईंना फोन लावला. पलीकडून आनंदाने आवाज आला. "ताई, तुमची बुरशी लय पुरली! एकशे चाळीस बाया होत्या गुरवारी. तुमच्या मालकाइले सांगतलं व्हतं मी, आले नाहीत ते."

मृणालने निशिकांतकडे पाहिलं नाही. "शेवंताबाई, कुणाकुणाला दिली, नावं सांगता येतील?"

"वाणाची कोनी यादी करते का, ताई? त्याइनं पुढं आपल्या लेकी-सुनाइले देल्ली असन आता."

फोन ठेवून तिने दुसरा लावला, समारंभाच्या आयोजकांना. उद्या येणार नाही आणि वाटप थांबवा, एवढंच ती बोलली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला; तिने ते ऐकून घेतलं. मग पट्ट्यांचा अख्खा डबा पिशवीत टाकला आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

"थांब, मी चालवतो," निशिकांत म्हणाला.

"चल. सतरा गावांत दारोदार फिरायचंय. चांगली दिसणारी बुरशी फेका, वाईट दिसणारी ठेवा, असं सांगायचंय. ऐकतील का, देव जाणे." दारात ती थांबली. आवाज अगदी साधा होता. एखाद्या प्रयोगातला आकडा विचारावा तसा.

"एक सांग, निशी. तुला नेमकं कधी बरं वाटणार होतं? आज, साडी पाहून? की आणखी चार वर्षांनी, त्या सतरा गावांतल्या पोरांचे दुधाचे दात पडून नवे पिवळे आल्यावर?"