मुठीतल्या मिरच्या

“आई, ठेव त्या मिरच्या खाली!”

बयाबाईंचा हात नातीच्या कपाळासमोरच थबकला... विमानाच्या लांबच्या प्रवासाने चार वर्षांची तेजस्वी तापाने फणफणली होती, आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी इतक्या दिवसांनी आलेल्या लेकराची दृष्ट काढावी म्हणून त्यांनी मुठीत मीठ-मिरच्या घेतल्या होत्या. तिचा बाप अमरसिंह, त्यांचा एकुलता एक मुलगा, दारात उभा होता.

“जर्मनीत एवढं झालं, तरी कळंना व्हय तुला? अख्खी इमारत रस्त्यावर आलती तुझ्यापायी.”

बयाबाईंनी मूठ मिटून घेतली. तीन वर्षांपूर्वीही त्यांनी उलट शब्द काढला नव्हता...

पती गेल्यावर मुलाच्या हट्टाखातर त्या त्याच्या बिऱ्हाडी त्या परक्या देशात गेल्या, तेव्हा सून संयोगिताही तिथे नवखीच होती. दुपारी चारलाच अंधार पडे. रविवारी मिक्सर लावायचा नाही, जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही... सारं त्या शिकल्या. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला खाणाखुणांनी थालीपीठही शिकवलं. पण एका सकाळी धुराची घंटा किंचाळू लागली, अग्निशमन दलाची गाडी आली, शेजारीपाजारी थंडीत कुडकुडत रस्त्यावर उतरले. कामावरून धावत आलेला अमरसिंह तव्यावरच्या काळ्या मिरच्या पाहून कडाडला, “कुणी केलं हे?”

संयोगिता तान्हीला छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. आदल्याच आठवड्यात तो तिला म्हणाला होता, “जमत नसंल तर जा तुझ्या माहेरी.” आणि तिचे आई-बाप तर कधीच गेलेले...

“मी,” बयाबाई म्हणाल्या होत्या.

घरमालकाचं ताकीदपत्र आलं, आणि दहाव्या दिवशी त्यांच्या हाती परतीचं तिकीट. तेव्हापासून मुलाचा फोन रविवारी येई. गोळ्या घेतेस ना, एवढं विचारून संपे.

आताही त्या मुकाट्याने मिरच्या ताटलीत ठेवू लागल्या.

“ठेवू नका, आत्याबाई.” संयोगिता पुढे आली. “अहो, त्या मिरच्या मी जाळलत्या. पोरगी रात्रभर रडत हुती, मला काय सुचंना... आत्याबाई तर आंघोळीला गेलत्या.”

अमरसिंह आईकडे वळला. “मग आई, तू का...”

“मला परत यायला हे घर हुतं,” बयाबाई हळूच म्हणाल्या. “तिला कुठं जायला हुतं रं?”

मग तो चाळिशीचा माणूस लेकीला मांडीवर घेऊन पाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा. “माझीबी काढ, आई.”

दृष्ट उतरवणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्या घरची रीत. बयाबाईंची मूठ दोघांवरून फिरू लागली...

“चुकलो मी,” पहिल्या फेरीला तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीला म्हणाला, “तीन वर्षं तुला नीट बोलू बी दिलं न्हाय.”

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तिसरी फेरी पुरी करून त्या परसात गेल्या आणि पाण्याच्या बंबातल्या निखाऱ्यांवर त्यांनी मूठ मोकळी केली. ठसका उठला, घरातले सारे खोकू लागले, डोळे वाहू लागले... इथे कुठलीच घंटा वाजली नाही.

पदराने डोळे टिपत त्या आत आल्या, मुलाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

“ऊठ आता,” त्या म्हणाल्या. “संयोगिता, ये, बस पाटावर. तुझी ऱ्हायलीया.”