प्लॅस्टरचा हात

बसा, चष्म्याची काच घासायला थोडा वेळ लागेल. दिवा माझ्याकडे ओढून घेते, तुमच्या डोळ्यांवर नको. आणि मघाशी तुम्ही हळूच विचारलंत, ते ऐकलंय मी. आत फ्रेमी पुसत बसलेली ती बाई एवढ्या उकाड्यातही गळ्याला रुमाल का बांधते, हेच ना? माझी धाकटी बहीण आहे ती. मान लांब, म्हणून लहानपणापासून मी तिला बगळी म्हणते. ती आता बोलत नाही, तेव्हा मीच सांगते.

चित्रांचं वेड तिचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नवऱ्याला सोडून ती माझ्याकडे आली तेव्हापासून नुसती भिंतीकडे बघत बसायची. त्या माणसाने तिचा गळा धरला होता, आणि "मी हलले नाही म्हणून वाचले" असं ती सांगायची. एका दुपारी तिने एका जाहिरातीचा कागद माझ्यापुढे ठेवला. जुन्या पद्धतीचं रेखाटन आणि तैलरंग, शनिवार-रविवारची कार्यशाळा. "ताई, तू पण चल ना. एकटीला मला भीती वाटते." कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे काही मागितलं होतं. नाही कसं म्हणणार? शनिवारी दुपारी दुकानाचं शटर खाली ओढायचं आणि जायचं, असं सुरू झालं.

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. उत्तरेला एक उंच खिडकी, बाकी सगळीकडे काळे पडदे. आत गेलं की आधी टर्पेंटाइनचा वास यायचा आणि त्याच्या मागून ओल्या चुन्यासारखा एक वास यायचा. भिंतीवरच्या फळीवर प्लॅस्टरचे तुकडे मांडलेले होते. एक कान, एक पाऊल, नाक तुटलेलं एक डोकं. आणि एक हात. मनगटापर्यंतचा, पुरुषाचा, मोठा. बोटं आणि अंगठा अर्धवट वळलेले, पेला धरताना वळतात तसे.

शिकवणारे सर बारीक अंगाचे, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या पावलांभोवती जमिनीवर खडूने रेघ मारली. उभं राहायचं ते तिथेच. एका हातात ओळंबा, दुसऱ्यात विणकामाची सुई. हात ताठ करून सुई पुतळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, नखाने माप पकडायचं आणि तेवढंच कोळशाच्या कांडीने कागदावर उतरवायचं. ना मोठं, ना लहान.

"पुतळा हलत नाही," सर म्हणाले. "कागद हलत नाही. माप जुळलं नाही, तर चूक कायम तुमची. पुसायचं आणि पुन्हा काढायचं. वाद घालायचा नाही."

सगळ्या नवख्यांना तो हातच काढायला दिलेला होता. थोरल्या सरांचा म्हणे तो, म्हणजे आमच्या सरांच्या गुरूंचा. ते गेले त्या सकाळी साचा घेतलेला. "फार कडक होते," सर कौतुकाने सांगायचे. "रेघ चुकली की बोटांवर काठी. एका मुलाचं बोट मोडलं, तर तो डाव्या हाताने शिकला. त्याचं भलंच झालं." मी मनात म्हटलं, असलं भलं तुम्हालाच लखलाभ.

फळीच्या बाजूला एका बाईचं चित्र टांगलेलं होतं. लांब केसांची, देखणी, चेहरा अगदी जिवंत. पण गळ्यावरचा रंग कुणीतरी पार कापडापर्यंत खरवडून काढला होता.

"या कोण?" बगळीने विचारलं.

"थोरल्या सरांच्या पत्नी. त्यांच्यासाठी मॉडेल म्हणून बसायच्या. एकदा चित्र चालू असतानाच गेल्या."

"कशाने?"

सरांनी चित्राची चौकट सरळ केली. "हलल्या," ते म्हणाले, आणि पुढच्या ईझलकडे गेले.

जिना उतरताना मी बगळीला म्हटलं, उद्यापासून इथे पाऊल ठेवायचं नाही. तर ती माझ्यावरच उखडली. "ताई, किती दिवसांनी माझ्या हातून काहीतरी नीट होतंय. तेवढंही घालवू नकोस." खरंच, तिची रेघ बघत राहावी अशी होती. मी तोंड मिटलं.

माझं म्हणाल तर मला तो हात काढायला काही जमेना. रविवारी संध्याकाळी माप जुळवून घरी जावं आणि शनिवारी यावं, तर अंगठा आणि बोटांमधलं अंतर चुकलेलं. दरवेळी मी ते जास्तच काढलेलं असायचं. मळलेल्या कणकेसारखं मऊ रबर घ्यायचं, रेघ पुसायची, अंगठा थोडा आत घ्यायचा. बगळी हसायची. "लोकांना चष्मे विकतेस आणि स्वतःलाच दिसत नाही होय ग?" मलाही हसू यायचं. शेजारचे सगळे तेच करत होते. पुसत होते आणि आत घेत होते. चूक आपलीच, हे सगळ्यांनी कबूल केलं होतं.

मग एका रविवारी ठरलेली मॉडेल आली नाही. सरांची नजर बगळीवर गेली. "मान सुरेख आहे तुमची. बसाल? थोरल्या सरांना फार आवडली असती." ती लाजली, पण खूश झाली. खिडकीजवळच्या चौथऱ्यावर खुर्ची ठेवली होती, त्या फळीच्या बरोब्बर खाली. मी माझ्या खडूच्या रेघेत उभी राहून, गंमत म्हणून, कागदाच्या कोपऱ्यात तिची मानही काढली. सुईने मापून. आणि कागद गुंडाळून बरोबर आणला.

पुढच्या शनिवारी पुन्हा मॉडेल म्हणून बसायचं होतं, म्हणून ती माझ्याआधीच गेली. मी दुकानात एका गिऱ्हाइकाची वाट बघत होते. सहज तो कागद काच तपासायच्या टेबलावर पसरला. या टेबलाला खालून दिवा आहे, हे बघा. दिवा लावला आणि पुसलेल्या सगळ्या रेघा वर आल्या. रबराने कोळसा कितीही उचलला तरी रेघेची खूण कागदात राहतेच. एकाच्या आत एक, एकाच्या आत एक असे कितीतरी अंगठे दिसत होते. एकही बाहेर गेलेला नव्हता. माणसाची चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. ही सगळी एकाच बाजूला होती. माझं काही चुकलंच नव्हतं हो. हात मिटत होता...

सुई त्या शेवटच्या अंतरावर ठेवली. मग तीच सुई कोपऱ्यातल्या मानेवर ठेवली. नख जिथल्या तिथे होतं. हाताची पकड आणि बगळीची मान, माप एकच.

मी शटरही न ओढता धावले. जिना कसा चढले ठाऊक नाही. दार ढकललं तर आत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. फक्त कापडावर ब्रश घासल्याचा आवाज. सगळे ईझलसमोर उभे, मान वर, मान खाली. रंगवत होते.

बगळी खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीवर. डोळे बाहेर आलेले. तोंड उघडं, जीभ दातांवर आलेली, ओठ जांभळे. तिच्या गळ्याला काहीही लागलेलं नव्हतं, पण गळा दोन्ही बाजूंनी आत दबलेला होता. चार खळगे एकीकडे, एक खळगा दुसरीकडे. आणि ती हलत नव्हती. मॉडेलने हलायचं नसतं. आणि तिला तर हलू नये हे आधीच कुणीतरी शिकवलं होतं.

"रंग बदलतोय," सर हलक्या आवाजात सांगत होते. "गालावर निळा वाढवा... अजून थोडा. दिसतं तेच काढा."

आणि सगळे निळा कालवत होते.

मी वर बघितलं. फळीवरच्या हाताची मूठ जवळजवळ झाली होती.

मी किंचाळले. एकाचंही डोकं वळलं नाही. कोपऱ्यातला लोखंडी स्टँड उचलला तशी सरांनी माझं मनगट धरलं. त्या काटकुळ्या माणसात एवढी ताकद कुठून आली? हाड करकरलं माझं. मी दुसऱ्या हाताने स्टँड त्यांच्या तोंडावर हाणला. दात फुटले, रक्त माझ्या कपड्यांवर उडालं, तरी ते कुजबुजतच होते, "पोज मोडू नका... पोज मोडू नका..." मी त्यांना लाथेने ढकललं आणि फळीवर घाव घातला. एक, मग दुसरा, मग किती ते माहीत नाही. बोटं तुटून उडाली. तळवा जमिनीवर आपटून फुटला. त्याच क्षणी बगळी खुर्चीतून खाली कोसळली आणि तिने श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

प्लॅस्टर चिवट व्हावं म्हणून त्यात काथ्या घालतात, असं सरांनीच शिकवलं होतं. फुटलेल्या तळव्यातून काथ्या बाहेर आला नाही. केस आले. लांब, काळेभोर, एका बाईचे. मी ओढत गेले आणि ते येतच राहिले.

मग लोक भानावर आले. कुणी रडायला लागलं, कुणी ओकलं. सर तेवढे भिंतीला टेकून बसले होते. फुटक्या तोंडाने म्हणाले, "पुरं होत आलं होतं हो..." नंतर पोलीस आले, सरांना घेऊन गेले, स्टुडिओला कुलूप लागलं. पण त्याआधी मी गुडघ्यांवर बसून सगळे तुकडे एका पोत्यात भरले होते. नदीत टाकायचे होते मला. चारही बोटं मिळाली. तळवा मिळाला. सगळी खोली पालथी घातली, ईझल हलवले, पडदे झटकले.

अंगठा मिळाला नाही.

बगळी वाचली. आवाज गेला तो गेलाच, पण जीव राहिला. मला तेवढं बस होतं. गळ्यावरचे चार वळ महिनाभरात फिके पडले. पाचवा मात्र अजून आहे, अंगठ्याएवढा, निळा. तेवढ्यासाठी तो रुमाल.

ही तुमची काच बसली. डोळ्यांवर लावून बघा, नीट दिसतंय? बरं. जाताना दार तेवढं लोटून घ्या. आज रविवार आहे. रविवारी ती रुमाल सोडून या दिव्यासमोर बसते आणि स्वतःच सुई माझ्या हातात देते. मी हात ताठ धरते, एक डोळा मिटते आणि तो डाग कानापासून किती लांब आहे ते मापते. दरवेळी माप चुकतं. दरवेळी तो गळ्याच्या मध्याकडे किंचित सरकलेला असतो. ती माझ्याकडे बघत राहते, आणि मी तिला म्हणते, माझीच चूक असेल ग, थांब, पुन्हा मापते.