सोळावी चौकट

गाण्याचा व्हिडिओ म्हटलं की आमच्या वर्गातली पोरं कॅमेरा उचलून पळत सुटतात. मी तसा नाही. आधी कागदावर चौकटी आखायच्या, प्रत्येकीत शॉट काढायचा, खाली एक ओळ लिहायची; मगच लेन्सचं झाकण काढायचं. वकार मला उंटावरचा शहाणा म्हणतो. म्हणू दे, कॅमेरा तोच धरतो.

कंधारच्या किल्ल्यातल्या शूटिंगसाठी सोळा चौकटी झाल्या होत्या. गाण्यातली मुलगी ऐन वेळी आजारी पडली, म्हणून माझी धाकटी बहीण उज्वला आली. आई तिला सोडायला तयार नव्हती. ‘नेली तशी परत आणीन’ असं मी कबूल केलं, तेव्हा कुठं हो म्हणाली.

दुपारी शेवटची चौकट उरली. उज्वला भिंतीसमोरून उजवीकडं निघून जाते आणि रिकामी भिंत दहा सेकंद दिसत राहते, एवढंच. खाली मी लिहिलं होतं, ‘उज्वला जाते.’

उज्वलानं ते बोरं विकणाऱ्या केवळाबाईंना वाचून दाखवलं. म्हातारी चिडलीच.

"जाते काय लिवलास रे? लेकीबाळीला जाते म्हणू न्हाई. येते लिव."

"मावशी, ती चौकटीबाहेर चाललीय."

"तरी बी येते."

वाद नको म्हणून मी ‘जाते’ खोडून ‘येते’ लिहिलं.

वकारनं कॅमेरा लावला. उजवीकडं बुरुजाचा कोपरा होता. डावीकडं भिंत संपते तिथं थेट खंदक. उज्वला चालत निघाली आणि कोपऱ्याआड गेली. मी मनात आकडे मोजू लागलो.

सातव्या आकड्याला उज्वला चौकटीत आली. डावीकडून.

उजवीकडं गेलेलं माणूस उजवीकडूनच परत येतं, हा आम्हाला शिकवलेला पहिला धडा. वळसा घालायला डावीकडं जमीनच नव्हती. खाली पाणी होतं.

"ही तिकडून कशी आली, यार?" वकार पुटपुटला.

मी घाबरलो. साफ घाबरलो.

तेवढ्यात उजव्या कोपऱ्याआडून हाक आली.

"दादा, झालं का? ऊन लई हाय."

आवाज उज्वलाचाच.

समोरची जवळ आली. तिनं माझं मनगट धरलं. हात ऊबदार होता.

"ओ देऊ नको, दादा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ओ दिली नाही. हाक तीनदा आली, मग थांबली. वकार कोपऱ्याआड जाऊन पाहून आला. तिथं कुणी नव्हतं.

एसटीत ती खिडकीशी बसली, बोरं खाल्ली, वकारची टिंगलही केली. आवाज भिंतीवर आपटून घुमला असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. नांदेड येईपर्यंत ते पटलंही.

घराचं दार आईनं उघडलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि मग आमच्या मागच्या रिकाम्या जिन्याकडं पाहत राहिली.

"उज्वला कुठं राह्यली?"