एक प्रत दुसऱ्या घरी

दुकानातल्या ज्या डब्यासाठी तिने महिनाभर डोकेफोड केली होती, त्या डब्याला कान लावून एक माणूस डोळे मिटून उभा होता.

डबा म्हणजे सर्व्हर. चार डिस्क पोटात घेणारा आणि तरीही बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवावीत एवढाच! ती मापाची टेप हातात घेऊन मिनिटभर ताटकळली. मग राहवेना.

"अहो... तो काही बोलणार नाही."

त्याने डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. काय आगाऊ माणूस आहे, तिला वाटलं. बोटं मात्र लांब होती, आणि त्यांच्या टोकांना सोल्डरिंगचे बारीक डाग होते, हेही तिला दिसलं. दिसायचं ते दिसतंच.

"बोलतोय की," तो हळूच म्हणाला. "ह्याचा पंखा मोठा आहे, म्हणून सावकाश फिरतो. तो शेजारचा ऐका – डास सोडलेत आत."

तिने ऐकलं. खरंच डास! आजवर तिने सर्व्हर मोजले होते, तपासले होते, शिव्याही घातल्या होत्या. दिवसभर कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे आणि घरी येऊन कपाटात जुन्या कॉम्प्युटरांची स्वतःची होम लॅब थाटायची, हा तिचा खाक्या. पण सर्व्हर ऐकायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला यातलं बरंच कळतं."

"यातलं नाही, आवाजातलं. मी कानाची यंत्रं दुरुस्त करतो." तो हसला. "आणि तुम्ही? शिवणकाम?"

तिने टेप पटकन मागे लपवली. "कपाटाची खोली अठ्ठावीस सेंटिमीटर आहे. हा सव्वीस आहे. मी पाठ करून आलेय."

"एकच नग उरलाय हं," दुकानदार काउंटरवरून म्हणाला. "दुसरा यायला सहा आठवडे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... मग डब्याकडे... मग पुन्हा एकमेकांकडे.

"तो मोठा घ्या ना तुम्ही," ती म्हणाली.

"तो? त्यात भाजी ठेवता येईल. तो छोटा तुम्ही घ्या."

"त्यात दोनच डिस्क. एक गेली की दुसरीच्या जिवावर बसायचं, जीव मुठीत धरून. नको बाई."

"मग हा चकचकीत?"

"तो उघडता येत नाही. जी वस्तू उघडता येत नाही ती मी घरात आणत नाही."

तो तिच्याकडे नीट बघायला लागला. आतापर्यंत नुसतं बघत होता, आता नीट. "हे मला फार आवडलं," तो म्हणाला. मग भानावर येऊन – "काय ठेवणार आहात ह्यात?"

"आईला."

बोलून गेल्यावर तिलाच हसू आलं. "म्हणजे आईच्या आवाजाला. आई सव्वीस वर्षं अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचायची, कॅसेटवर. गोष्टी, प्रवास, स्वयंपाकाची पुस्तकंसुद्धा. कॅसेटींना बुरशी लागायच्या आत मी सगळं उतरवून घेतलं. तीनशे तास. ते ज्या जुन्या डिस्कवर आहे, ती आता टकटक करायला लागलीये. आणि आईचा आवाज..." ती थांबली. "गळ्याचं ऑपरेशन झालं. आता आवाज नाही. जे आहे ते एवढंच."

वाकून त्याने डब्याची वायर काढली, नीट गुंडाळली आणि डबा तिच्या हातात दिला. असा दिला, जसं बाळ देतात.

"अहो, आणि तुमचं?"

"माझे नळ थांबतील."

"नळ?"

"वर्षानुवर्षं ऐकू न आलेल्या माणसाला यंत्र लावलं, की त्याला कळत नाही नळ गळतोय की बाहेर पाऊस पडतोय. दाराची कडी वाजली तरी घाबरतो. मग मी त्याला घरातले आवाज पुन्हा शिकवतो. चारशे जमवलेत. लोक हसतात."

ती हसली नाही. उलट तिच्या तोंडून जे निघालं, त्याने तीच चकित झाली. "तुमचे नळ माझ्याकडे ठेवा. जागा भरपूर आहे. आणि तुमचा डबा आला की आईची एक प्रत तुमच्याकडे. नियमच आहे तसा – एक प्रत नेहमी दुसऱ्या घरी हवी. आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं तरी. एका घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत."

दहा मिनिटांच्या ओळखीवर आई देऊन टाकली! दुकानदार डोळे मिचकावत म्हणाला, "डिस्क किती देऊ?"

"दोन इथून, दोन दुसऱ्या दुकानातून," ती म्हणाली. "चौघी एकाच दिवशी जन्मलेल्या असल्या की एकाच दिवशी डोळे मिटतात."

कानवाल्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिचा हिशोबच चुकला आणि ती टेप दुकानातच विसरली.

टेप परत करायला तो रविवारी सकाळी घरी आला. टेप पोस्टानेही आली असती म्हणा!

आता आईबद्दल एक सांगायला हवं. आई बोलायची, पण तो नुसता श्वास असायचा. मावशी फोनवर "काय? काय?" करून शेवटी रडायची आणि फोन ठेवायची. ती स्वतःदेखील दिवसातून दहादा "काय गं आई?" म्हणायची. दहाव्यांदा आवाज चढायचा, मग रात्रभर वाईट वाटायचं. त्यामुळे आईने हल्ली बोलणंच कमी केलं होतं.

तो कपाटासमोर मांडी घालून बसला होता. तोंडात स्क्रू, हातात तिसरी डिस्क. स्वयंपाकघरात पंखा चालू होता, नळ चालू होता. आणि तो मधेच म्हणाला, "कमी साखर चालेल, काकू. आणि हो, दोन बहिणी. दोघी मोठ्या."

ती बघतच राहिली. "कुणाशी बोलताय?"

"काकूंशी. त्यांनी विचारलं ना."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात साखरेचा चमचा. वर्षभरात पहिल्यांदा तिला कुणी "काय?" म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

तिथेच लेक प्रेमात पडली. उगाच आडपडदा कशाला? पडली ती पडली.

सहा आठवड्यांनी त्याचा डबा आला. मग दर रविवारी सकाळी दोन्ही डबे एकमेकांशी बोलायचे आणि आठवड्याचं नवंजुनं पोचवायचे. ते पोचलं की ह्या दोघांचं बोलणं सुरू व्हायचं.

"काकू सुखरूप पोचल्या," तो लिहायचा.

"तुमचे नळ आले. एक गळतोय."

"बघायला येऊ?"

"नळ बघायला?"

"...हो. नळच."

येताना दर वेळी नवा आवाज आणायचा. एकदा तर त्यांच्याच जिन्यावरची तिची पावलं! "ही घाई असलेली, ही नसलेली," तो म्हणाला. "मी येणार असतो तेव्हा घाई असते." ती लाल झाली. इतकं ऐकणाऱ्या माणसापासून काही लपवायचं तरी कसं?

आणि मग एका रविवारी तो फुलून आला. त्याच्याकडे एक आजी यायच्या. अकरा वर्षांनी नवं यंत्र लागलं, पण माणसांचं बोलणं त्यांना नुसता गोंगाट वाटायचा. "मी काकूंची गोष्ट लावली," तो म्हणाला, "ती बोटीच्या प्रवासाची. किती स्वच्छ वाचतात काकू! आजींना शब्द न् शब्द कळला. रडल्या हो..."

"कुणाला विचारलंत?"

"अं?"

"आईचा आवाज तुमच्याकडे सांभाळायला दिला होता. वाजवायला नाही. तो काय तुमचा नळ आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं."

तिथे थांबली असती तर ती कसली! जे आहे ते एवढंच आहे, या भीतीने ती वर्षभर जगत होती, ती सगळी भीती त्याच्या अंगावर गेली. "पुसून टाका. तुमच्याकडची प्रत पुसून टाका."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला. आईने आतून काहीतरी विचारलं. "काय गं आई?" ती ओरडली आणि मग स्वतःच रडत बसली.

तीन आठवडे रविवार सुने गेले. चौथ्या आठवड्यात, ऑफिसला निघताना, डब्यावर लाल दिवा लागला. दोन नंबरची डिस्क गेली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक गेली तर उरलेल्या तिघी सांभाळून घेतात. नवी आणून ठेवलेलीच होती. तिने कप्पा खेचला.

पण ऑफिसातले सर्व्हर शून्यापासून मोजतात. शून्य, एक, दोन – सहा वर्षं हाताला तीच सवय. घरचा डबा बिचारा माणसासारखा मोजायचा, एक, दोन, तीन. तिने खेचली ती तिसरी, चांगली, धडधाकट. डब्याने कर्कश शिट्टी मारली. ती दचकली, डिस्क हातातून निसटली, फरशीवर आपटली... आणि आतून खुळखुळ वाजली.

चारातल्या दोन गेल्या. खेळ खलास.

तिने जुनी टकटकणारी डिस्क शोधली. ती दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. कॅसेटी कधीच फेकल्या होत्या. उरली होती ती दुसऱ्या घरची प्रत – जी तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, पुसायला लावली होती. आणि तो तर सगळं ऐकणारा माणूस!

ती फरशीवर बसली आणि फोन लावला.

"तू पुसलंस का?"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"काय झालं?"

"आधी सांग. पुसलंस का?"

"नाही."

ती हमसून रडायला लागली. तो ऐकत राहिला, अगदी शेवटच्या हुंदक्यापर्यंत.

अर्ध्या तासात तो दारात होता. भिजलेला, डबा मात्र रेनकोटात गुंडाळून कोरडाठाक आणलेला.

"मी सांगूनही?" तिने विचारलं.

"पुसायलाच बसलो होतो. तेवढ्यात मेसेज आला." त्याने फोन पुढे केला.

मेसेज आईचा होता. 'तिने पुसायला सांगितलं ते मी आतून ऐकलं. पुसू नका. आवाज माझा आहे, त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. त्या आजींना दुसरी गोष्टही ऐकवा, आगगाडीची. ती जास्त चांगली वाचली होती. पण पुढच्या वेळी मला विचारा.'

तिने आईकडे पाहिलं. आई साळसूदपणे टेबल पुसत होती.

"आई! आणि मला बोलली नाहीस?"

आई काहीतरी पुटपुटली. तो हसू दाबत म्हणाला, "त्या म्हणतायत, बोलले होते, तू 'काय गं' म्हणून ओरडलीस."

ती आईच्या गळ्यात पडली. इतके दिवस जो आवाज डब्यात जपायला ती धडपडत होती, तो आवाज घरातच बोलत होता. ऐकायला थोडं जवळ जावं लागत होतं, इतकंच.

दुपारभर दोघं कपाटासमोर बसून होते. दोन नव्या डिस्क, त्याचा डबा, तिचा डबा, मधे एक वायर. बाहेर पाऊस, आत दिवे हिरवे होऊन लुकलुकत होते. प्रत पूर्ण झाली तेव्हा तिने पहिली फाइल लावली. खोलीभर आईचा आवाज पसरला – भरदार, हसरा, तीस वर्षांपूर्वीचा. आई दारात उभी राहून ऐकत होती. मग डोळे पुसून चहा ठेवायला गेली.

"माझी एक अडचण आहे," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल. "तांत्रिक."

"बोल."

"तो नियम. एका घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत..."

"मग?"

"समज, हे दोन्ही डबे... पुढेमागे... एकाच घरात राहायला आले तर?"

"का येतील?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट. दुकानात पाहिलं होतं तसं.

तिच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की त्याला नक्कीच ऐकू जात असणार. "नियम मोडेल मग," ती कशीबशी म्हणाली.

"मोडेल ना. म्हणून तर महिनाभर झोप नाही. तू म्हणशील तसं करू. पण मला तू हवी आहेस. डब्यासकट, टेपसकट, ओरडण्यासकट."

"...मलाही," ती म्हणाली. एवढंच, आणि इतकं हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकूच आलं नसतं.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. नळ चालू होता, पंखा चालू होता. एकाएकी तो गोरामोरा झाला आणि मान खाली घालून हसायला लागला.

"काय झालं? आई काही म्हणाली का?"

"हो."

"काय?"

"म्हणाल्या... 'एक डबा इथे माझ्याकडे राहू दे. दुसरा तुम्ही दोघं घेऊन जा, आणि रविवारी पोचल्याचं कळवत जा.'"