झोपायला दिलेलं घर

परक्या मोठ्या शहरात चार दिवस राहायला घर निवडायचं तर काय बघावं, असं तुम्ही विचारलंत. माणूस योग्य गाठलात. मी गाद्यांचा व्यापारी. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण लोक कसे झोपतात, किती झोपतात आणि का झोपत नाहीत, यावरच माझी चूल पेटत आली आहे. तेव्हा ऐका. फोटो बघू नका. फोटोत प्रत्येक खिडकी मोठी असते. आधी गल्ली बघा. गल्लीत चांभार आहे का, इस्त्रीवाली आहे का, त्यांच्यापाशी दोन रिकामटेकडे गप्पा मारत टेकलेत का. कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपली असतील तर डोळे मिटून घर घ्या.

मी तसंच घेतलं होतं. म्हणूनच हे सगळं सांगायला बसलो आहे.

आमच्या हिला झोप लागत नव्हती. गादीवाल्याची बायको आणि तिला झोप नाही! बाजारात थट्टा व्हावी अशीच गोष्ट. पण थट्टेचं काही नव्हतं त्यात. हिची थोरली बहीण इस्पितळात होती आणि ही तिच्या उशाशी बसून असायची. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या हिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ताई गेलेली होती. तेव्हापासून हिने झोपेशी जणू अबोलाच धरला. औषधं झाली. दुकानातली एकूण एक गादी घरी येऊन गेली. ही आपली छताकडे बघत पडून राहायची. बोलता बोलता वाक्य मध्येच टाकून द्यायची, हातातली वाटी कुठे ठेवली ते विसरायची. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शरीर हे फार काळ सोसत नाही. जागा बदलून बघा."

म्हणून हा सुट्टीचा घाट.

लेकीने मोबाइलवर तीन घरं दाखवली. एक उंच इमारतीत, काचेचं. तिथे राहायचं म्हणजे दुकानाच्या शोकेसमध्ये झोपण्यासारखं. दुसरं तळ्याकाठी, देखणं, पण आजूबाजूला सगळी पाहुण्यांचीच घरं. तिसरं जुन्या कारागिरांच्या गल्लीत. अरुंद, दोन मजली, लाकडी जिना, वर एकच खोली आणि गल्लीवर उघडणारी खिडकी. फोटोत खाली रस्त्यावर एक कुत्रं पसरलेलं होतं.

"हे घ्यायचं," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही घर घेताय की कुत्रं?" लेक म्हणाली. "पण अभिप्राय बघा हं. सगळ्यांनी एकच लिहिलंय. इतकी गाढ झोप आयुष्यात लागली नव्हती."

मला आणखी काय हवं होतं? घरमालकिणीला फोन लावला. माणसं किती, कधी येणार, हे तिने काही विचारलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "दोघांपैकी झोप कोणाला लागत नाही?"

मी चमकलो. मग वाटलं, लोक जातच असतील तिथे झोपेसाठी. धंद्याची माहिती असलेली बाई दिसते. मला असं माणूस आवडतं. मी सगळं सांगून टाकलं, ताईचंसुद्धा.

"या," ती म्हणाली. "त्यांनाच आणा."

आम्ही पोहोचलो ते दुपारचं. गल्ली अगदी माझ्या मनासारखी. घरासमोर एक म्हातारा कारागीर पत्र्याच्या बादल्या ठोकत होता, त्याच्या शेजारी इस्त्रीवाली मावशी कोळशाची इस्त्री फिरवत होती. गरम कापडाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मालकिणीने किल्ली दिली आणि चपला हातात घेऊन निघून गेली. चपला हातात का, हे मला कळलं नाही.

वर गेलो आणि सवयीने आधी गादी दाबून बघितली. आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं. गादीवर माणूस वर्षानुवर्षं झोपला की त्याचा खळगा पडतो. तो बघून मी सांगू शकतो, माणूस जाड की बारीक, कुशीवर झोपतो की पालथा. एकदा एक एकटे राहणारे गृहस्थ गादी बदलायला घेऊन आले, तर तिला दोन खळगे! मी नुसतं बघितलं, तर गृहस्थ लाजून पार लाल झाले. पुढच्या महिन्यात त्यांच्या लग्नाला जेवून आलो. सांगायचा मुद्दा, मला हे वाचता येतं.

त्या गादीचे टाके ताजे होते. कापूस नवा, हाताला अजून फुगीर. फार तर एखादा पावसाळा पाहिलेली गादी. आणि तिच्यात खळगा होता तो निदान वीस वर्षांचा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाचा. मी गादी उलटली. खालच्या बाजूला तोच खळगा, तसाच.

"अहो, आपण फिरायला आलोय," ही म्हणाली. "इथे तरी दुकान बंद ठेवा."

आणि ती आडवी झाली. मी पिशवी उघडून तिचा टॉवेल काढेपर्यंत तिचा श्वास संथ झाला होता. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. खळग्यात अशी बरोबर बसली होती, जणू माप घेऊन शिवली होती गादी.

खोटं कशाला सांगू, मी रडलो. जिन्यात बसून रडलो. त्या खळग्याचा विचार मी तिथेच सोडून दिला. वस्तू उपयोगी पडली की व्यापारी तिची कुळकथा विचारत नाही.

खाली आलो तर बादल्यांचा आवाज बदललेला. म्हाताऱ्याने हातोडीला फडकं गुंडाळलं होतं. धप्, धप्, असा मऊ आवाज. इस्त्रीवाली मावशी माझ्याकडे बघत होती.

"झोपल्या?"

"हो. लगेच."

तिने मागे वळून गल्लीकडे बघत नुसती मान हलवली. चांभाराने सुस्कारा सोडला. कुणीतरी दारात खुर्ची आणून बसलं. एका घरातून पोरं बाहेर आली आणि चवड्यांवर चालत खेळायला गेली.

"भली माणसं आहात तुम्ही," मी म्हणालो.

"आमचं काय त्यात," मावशी म्हणाली. "झोपू देत त्यांना."

पहिले काही दिवस मी हवेत होतो. ही उठायची, दोन घास खायची, "काय झोप लागते हो इथे!" म्हणायची आणि पुन्हा आडवी व्हायची. शहर बघायचं राहून गेलं. मी एकटाच जाऊन बाजार हिंडून आलो. पण माझी नजर व्यापाऱ्याची, ती स्वस्थ बसत नाही. माझ्या लक्षात आलं की ही जागी झाली की गल्ली बदलते. खिडकीत ही केस विंचरत उभी राहिली की खाली म्हातारा हातोडी ठेवून देई. पोरांना घरात ओढून घेत. चांभार अर्धं दार लावून घेई. सगळे खिडकीकडे बघत नसल्यासारखे बघत. ही आत वळली, पलंग करकरला, की मग पुन्हा धप्, धप्.

मी मावशीपाशी टेकलो. कपडे होतेच द्यायला.

"मावशी, या घरात आधी कोण राहायचं?"

"पाहुणेच."

"नेहमी?"

"कोणी ना कोणी झोपलेलं असतं," ती म्हणाली.

"आणि कोणीच नसलं तर?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. कोळसे फुलले होते, पण तिने दोन्ही हात असे चोळले की जणू थंडी वाजत होती.

"तशी वेळ आम्ही येऊ देत नाही, दादा... फार वर्षं झाली. येऊ देत नाही."

आणखी विचारलं तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

त्याच दिवशी मी वर गेलो आणि हिला चहासाठी हाक मारली. उठली नाही. खांदा हलवला. नाही. कपाळ गरम नव्हतं, श्वास चालू होता, पण एवढा संथ की एक श्वास आला की पुढच्याची वाट बघावी लागे. तोंडावर पाणी मारलं. पाणी ओघळून उशीत गेलं, पापणीसुद्धा हलली नाही. खोलीत ओल्या लाकडाचा वास दाटून आला होता. मी तिचं नाव घेऊन मोठ्याने ओरडलो.

खालचा आवाज थांबला. खिडकीतून बघितलं तर सगळी गल्ली रस्त्यावर उभी. सगळे वर बघत होते. रागाने नव्हे हो. राग परवडला असता. आजाऱ्याच्या दाराबाहेर उभे राहतात तसे उभे होते.

जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. मालकीण दारात आली.

"हळू... हळू बोला."

"डॉक्टर बोलवा!"

"कशाला? बऱ्या आहेत त्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, झोप हवी..."

"एवढी नको!"

"किती हवी, ते कोणी ठरवायचं?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला खरंच कळवळा ऐकू आला. त्याचीच जास्त भीती वाटली.

मी तिला ढकलून खाली धावलो, म्हाताऱ्याच्या पुढ्यातली बादली आणि हातोडी उचलली, फडकं फाडून काढलं, वर आलो आणि हिच्या कानाशी बादली बडवायला लागलो. वेड्यासारखा. मालकीण भिंतीला टेकून कान झाकून उभी. पलंग थरथरत होता. मी किती वेळ बडवत होतो, देव जाणे. हात भरून आले, डोळ्यांत घाम उतरला, मी क्षणभर डोळे पुसले...

"अहो, पुरे! केवढा आवाज तो!"

ही दारात उभी होती. माझ्या मागे. हसत होती. गालांवर रंग होता, लग्नात होता तसा. मी बादली टाकली आणि तिचा हात धरून जिना उतरलो. मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढं नक्की, की दारात येण्यासाठी तिला माझ्या अंगावरून जावं लागलं असतं, आणि मला काहीच कळलं नव्हतं. पण माणूस जागं झाल्याच्या आनंदात असे हिशेब कोण करतो?

मला वाटलं होतं, गल्ली आम्हाला अडवेल. कोणी अडवलं नाही. चांभाराने दार पूर्ण उघडलं होतं. मावशीने आमचे घडी घातलेले कपडे आणून दिले आणि म्हणाली, "सावकाश जा." टॅक्सी वळली तेव्हा मागून आवाज आला. म्हाताऱ्याने दुसरं फडकं शोधलं होतं. धप्, धप्.

घरी आल्यावर ही एकदम ठणठणीत. गाणी म्हणते, शेजारणीच्या नकला करते, रात्री पडली की सकाळी उठते. लेक म्हणाली, "बाबा, मानलं तुम्हाला. आई किती बदलली!" मी मिशीत हसलो. एक दिवस सहज म्हणालो, "आज ताई असती तर खूश झाली असती." ही टोमॅटो चिरत होती. म्हणाली, "हो ना. बिचारी." रस्त्यात कुणाची चप्पल तुटलेली बघून म्हणावं, तसं. मी स्वतःला समजावलं, दुःख विरतंच कधी ना कधी. आपणच नाही का प्रार्थना करत होतो विरावं म्हणून?

मग गेल्या महिन्यात, भर दुपारी, दुकान बंद करून घरी जेवायला आलो होतो तेव्हा फोन वाजला. घरमालकीण. तोच हळू आवाज.

"रागावू नका हं. विचारल्याशिवाय काही करू नये, म्हणून फोन केला. आज त्यांनी कूस बदलली."

"कोणी?"

"बोलतातही मधून मधून. ताईला हाक मारतात. तुम्हालाही... 'अहो' म्हणून." ती थांबली. तिच्या मागे, लांबवर, मऊ ठोके ऐकू येत होते. "आमच्याकडे दुसऱ्या पाहुण्या यायच्या आहेत, त्यामुळे अडचण नाही. तुम्ही म्हणाल तसं. उठवू का त्यांना?"

माझ्या समोर, पलंगावर, ही कपड्यांच्या घड्या घालत होती. गुणगुणत होती. गालांवर तोच रंग. आणि तिकडे, छताकडे बघत जागून काढलेल्या त्या सगळ्या रात्री, ती खुर्ची, ती ताई, सगळं उराशी धरून कोणीतरी झोपलं होतं. उठलं असतं तर ते सगळं घेऊनच उठलं असतं. दोघींतली माझी कोण, हे मला कळत नव्हतं. आयुष्यभर माल बघून पारख केली, आणि त्या दुपारी मला एवढंही सांगता येईना.

"हॅलो?" मालकीण म्हणाली. "ऐकताय ना?"

"झोपू द्या," मी म्हणालो. माझा आवाज कधी एवढा हळू झाला होता, मला कळलंच नाही.

फोन ठेवला. हिचं गुणगुणणं थांबलं होतं. माझ्याकडे न बघता तिने माझा सदरा उचलला, बाह्या नीट मागे दुमडल्या, आणि म्हणाली, "बरं केलंत."