न धुतलेली बाटली

“विसळा, विसळा! बाटलीत कचरा दिसता कामा नये!” मामा ओरडले.

मामा पाणीपुरवठ्याचे पंपचालक. नळाच्या पाण्याचे नमुने दुपारच्या गाडीने शहरातल्या प्रयोगशाळेत जायचे होते. तिथून आलेल्या प्रत्येक बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असे. मामा ती दर वेळी निगुतीने धुऊन टाकत.

पिंगी बाटल्यांकडे बघत बसली होती. त्या प्रयोगशाळेत तिची आई काम करायची. सुट्टीत मामांकडे येऊन अकरा दिवस झाले होते. रविवारी आई येणार होती. अजून चार दिवस! ‘या बाटल्यांचं बरं आहे,’ तिला वाटलं. ‘परवाच आईच्या हातात!’

“ए पिंगे, कुठे हरवलीस?” मामेभाऊ ढब्बूने तिला ढोसलं. “फ्यूज बोलावतेय!”

फ्यूज म्हणजे वायरमनकाकांची मुलगी. चटकन भडकायची, म्हणून फ्यूज. ती गावाच्या नळाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीच्या कठड्यावरून वाकली होती.

“बघा! सगळे पाणकिडे मेलेत!”

“वरच्या फळबागेत काल फवारणी झाली,” ढब्बू म्हणाला. “ते औषध ओढ्यातून इथे आलं असणार!”

मामांनी हसत मागच्या महिन्यातल्या फवारणीनंतरचा अहवाल पुढे केला. “वाचा! कीटकनाशक आढळले नाही. खाली सही कुणाची? हिच्या आईची! अरे, क्लोरीन घातल्यावर काही उरत नाही.”

पिंगीने सहीवरून बोट फिरवलं. आई चुकायची नाही. मग चुकतंय कुठे?

“ती भुकटी!” ती एकदम म्हणाली. “कचरा असता तर सगळ्या बाटल्यांत सारखाच कसा असता?”

तिने दोन बाटल्या नळाखाली भरल्या. एक मामांनी धुतलेली, एक न धुतलेली. मग मामांचं रोजचं द्रावण दोन्हींत थेंबथेंब टाकलं. पाण्यात क्लोरीन असलं की ते पिवळं होतं.

धुतलेली बाटली पिवळी झाली. दुसरी तशीच राहिली!

“भुकटीने क्लोरीन गिळलं!” ढब्बू ओरडला.

“पण कशासाठी?” फ्यूज वैतागली. “कुणी नीट सांगेल का?”

पिंगीने आईला फोन लावला. सगळं सांगितलं.

“भुकटी धुतली की क्लोरीन बाटलीतही काम करत राहतं,” आई म्हणाली. “नमुना इथे पोहोचेपर्यंत दोन दिवस जातात. तेवढ्यात कीटकनाशकाचं रूप बदलतं. मी मूळ औषध शोधते, ते सापडत नाही. आणि बदललेलं रूप कधीकधी जास्त विषारी असतं गं! मामाला सांग, पाणी सोडणं आत्ता थांबव. न धुतलेल्या बाटल्या पाठवा. या वेळी मी दोन्ही रूपं शोधते.”

“आणि रविवारी?”

“बाळा, नमुने आल्यावर मला इथून हलता येणार नाही.”

पिंगीने मामांना निरोप दिला आणि त्यांनी गावाला जाणारं पाणी बंद केलं. मग ती न धुतलेल्या बाटल्या भरायला गेली. शेवटचं झाकण तिनेच घट्ट लावलं, डबाही तिनेच बांधला. गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्यावरच उभी होती.

रविवारी फोन आला. सगळे पंपघरात जमले. मामांनी स्पीकर लावला.

“दोन्ही सापडली!” आई म्हणाली. “मूळ औषधही, बदललेलंही. बागवाल्यांना ओढ्याकाठची फवारणी बंद करायला लावली आहे. पाणी पुन्हा स्वच्छ ठरेपर्यंत टँकर येतील. शाबास, पोरांनो!”

“चूक माझी,” मामा कान पकडून म्हणाले. “बाटल्यांसोबत येणारा सूचनांचा कागद कधी उघडलाच नाही. या पोरांनी गाव वाचवलं!”

“मग आम्हाला तुमच्या हाताखाली घ्या!” फ्यूज म्हणाली आणि सगळे हसले.

पिंगीने हळूच स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन बाहेर आली.

“आई, शाबासकी पुरे. आता नुसतं बोल ना.”

“काय बोलू?”

“काहीही.”

आई बोलू लागली. खिडकीतल्या कुंडीबद्दल, फुटलेल्या कपाबद्दल, घरातल्या रिकाम्या खुर्चीबद्दल. पिंगी डोळे मिटून ऐकत राहिली.